आधी दाखला, मग बाकीचे: विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकांसाठी महाराष्ट्रातील सेवा-सवलतींची वाट

पालक संघाच्या बैठकीला पहिल्यांदा येणारे आईवडील बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात: ‘आमच्या मुलासाठी सरकारकडून काय काय मिळते?’ योजनांची यादी छापील पत्रकावर कुठेही मिळते. घोळ होतो तो क्रमाचा. उत्पन्नाचा दाखला काढून तहसील कार्यालयात रांग लावावी, तर तिथे कळते की दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली आहे. ते नव्याने काढायला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जावे, तर बुद्ध्यांकाचा ताजा अहवाल मागतात. आणि तो अहवाल हातात पडेपर्यंत उत्पन्नाचा दाखला जुना झालेला असतो. म्हणून या लेखात योजनांपेक्षा पायऱ्यांचा क्रम अधिक सांभाळला आहे.

विकासात्मक अक्षमता म्हणताना येथे स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि यांतील एकाहून अधिक असलेली बहुअक्षमता अभिप्रेत आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना बहुधा बौद्धिक अक्षमतेच्या सदरात प्रमाणपत्र मिळते. याच चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, आणि त्याच्या जोडीला १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहे, ज्यात एकूण २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. कार्यालयात कोणी ‘असे काही नसते’ म्हणाले, तर या दोहोंपैकी कोणत्या कायद्याखाली आपण मागणी करीत आहोत हे सांगता आले पाहिजे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे आणि त्याचे आयुक्तालय पुण्यात आहे. तरीही प्रमाणपत्र आरोग्य खाते देते, अनुदान महसूल खाते देते, विशेष शाळांचे काम जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे आणि पालकत्वाचे जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. एका मुलासाठी चार दारे झिजवावी लागतात, हे आधीच मान्य केले की त्रागा थोडा कमी होतो.

शंका येते तेव्हा

पाचव्या महिन्यातही मान न धरणे, नवव्या-दहाव्या महिन्यात आधाराशिवाय न बसणे, दीड वर्षापर्यंत न चालणे, दोन वर्षे होऊनही दोन शब्द जोडून न बोलणे, हाक मारल्यावर न वळणे किंवा आलेले शब्द पुन्हा हरवणे, यांपैकी काही दिसले तर थांबू नये. घरातली वडीलधारी मंडळी ‘मुलगे उशिरानेच बोलतात, त्याचा मामाही चौथ्या वर्षी बोलला’ असे प्रेमानेच सांगतात. पण त्या मामाच्या भरवशावर दोन वर्षे गेली तर ती परत येत नाहीत.

पहिले ठिकाण म्हणजे जवळची अंगणवाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची एकदा फिरत्या वैद्यकीय पथकाकडून तपासणी होते. विकासात विलंब आढळलेले मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. या केंद्राला सगळे ‘डीईआयसी’ म्हणूनच ओळखतात आणि ते बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असते. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, वाचा-उपचार आणि मानसशास्त्रज्ञ या सेवा एका छताखाली व मोफत मिळाव्यात अशी रचना आहे. सगळी पदे भरलेली असतील याची खात्री मात्र नसते, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून कोण कोणत्या वारी असते ते विचारून घ्यावे. पथकाची वाट पाहत बसण्याची गरज नाही, पालक स्वतःही मुलाला घेऊन जाऊ शकतात.

न बोलणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी (बेरा) सर्वांत आधी करावी. ऐकू येत नसल्यामुळे बोलत नसलेल्या मुलावर स्वमग्नतेचा शिक्का बसल्याची उदाहरणे आहेत. विकास मंद असेल तर थायरॉइडची रक्तचाचणीही डॉक्टरांना विचारून करून घ्यावी, कारण तो दोष लवकर सापडला तर त्यावर औषध आहे.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र (कार्ड), यांतच पुढच्या बहुतेक सेवांची किल्ली आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो; स्वतः जमत नसेल तर सेतू केंद्रातून किंवा एखाद्या संस्थेच्या मदतीने करावा. अर्ज भरण्यापूर्वी मुलाचे आधार कार्ड आणि जन्माचा दाखला शेजारी ठेवून नावाचे स्पेलिंग, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून पाहावी. ‘श्रेयस’मधल्या एका जादा अक्षरामुळे पुढे बँक, विमा आणि अनुदान अशा तीन ठिकाणी तीन प्रतिज्ञापत्रे करावी लागतात. मुलाच्या आधारचे बायोमेट्रिक पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावे लागते. बोटे किंवा डोळे स्थिर ठेवू न शकणाऱ्या मुलांसाठी बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे. केंद्रचालकाला ती माहीत नसेल तर शांतपणे वरिष्ठांना विचारायला सांगावे.

अर्जानंतर निवडलेल्या रुग्णालयात ठरावीक वारी वैद्यकीय मंडळासमोर जावे लागते. बौद्धिक अक्षमतेसाठी बुद्ध्यांक आणि सामाजिक परिपक्वता या दोन्हींची मोजणी होते. बुद्ध्यांकासाठी आपल्याकडे अजूनही बिने-कामत चाचणी सर्रास वापरतात, व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी केलेले हे रूपांतर आहे. स्वमग्नतेसाठी ‘इसा’ ही ४० प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी आहे, जिच्यात ७० पासून पुढचे गुण स्वमग्नता दर्शवतात. बौद्धिक अक्षमतेत सौम्य पातळीला ५०, मध्यमला ७५, तीव्रला ९० आणि अतितीव्रला १०० टक्के अशी मांडणी आहे. कायद्यातील बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के लागतात. कार्डाचा रंग ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळा आणि त्यावर निळा असतो.

सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीत प्रश्न आईवडिलांना विचारले जातात, आणि नेमकी येथेच आपली माणसे फसतात. मानसशास्त्रज्ञ विचारतात, ‘हाताने जेवतो का?’ आई म्हणते, ‘हो, जेवतो की!’ प्रत्यक्षात ती भाकरी कुस्करून, आमटीत कालवून, घास करून ताटाच्या कडेला मांडते आणि मुलगा तो उचलून तोंडात घालतो. ‘कपडे घालतो का?’ ‘घालतो.’ म्हणजे ती सदरा डोक्यातून घालून देते आणि तो हात बाहेर काढतो. वर्षानुवर्षे केलेली मदत आईच्या नजरेलाच दिसेनाशी झालेली असते. शिवाय परक्या माणसासमोर आपल्या लेकराला कमी लेखवत नाही. उत्तरे या रीतीने दिली की गुण वाढतात आणि टक्के घटतात. त्यामुळे मंडळासमोर जाण्याच्या आठवडाभर आधीपासून सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कोणत्या कामात किती हात लावावा लागला ते वहीत टिपून ठेवावे आणि ती वही सोबत न्यावी. खोटे सांगू नये, वाढवून सांगू नये. पण ‘कोणाच्या मदतीने’ हे शब्द प्रत्येक उत्तरात आले पाहिजेत.

लहान वयातील प्रमाणपत्र बहुधा तात्पुरते असते. पाच वर्षांखालील मुलांना बौद्धिक अक्षमतेऐवजी ‘एकंदर विकासात विलंब’ असे निदान दिले जाते, त्यानंतर पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणीची पद्धत आहे, आणि अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र कायमचे मानले जाते. या तीन तारखा कपाटाच्या दाराला आतून चिकटवाव्यात आणि मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधी हालचाल सुरू करावी. टक्केवारी मान्य नसेल तर निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येते. त्या वेळी ती वही, शाळेचा अहवाल आणि उपचारांची कागदपत्रे उपयोगी पडतात. हे प्रमाणपत्र देशभर चालते, त्यामुळे बदली होऊन दुसऱ्या राज्यात गेल्यास नवे काढण्याची गरज नसते.

शाळा

४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला शेजारच्या नियमित शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ ने दिला आहे, आणि निवड मुलाची व पालकांची आहे. तीव्र किंवा बहुअक्षमता असलेल्या मुलांसाठी घरी शिकण्याचा पर्यायही २०१२ च्या शिक्षण हक्क दुरुस्तीने दिला. तो पर्याय शाळेने आपली सुटका म्हणून सुचवला तर मात्र सावध व्हावे. घरी शिकणे म्हणजे शिक्षक घरी येणे, मूल घरी बसणे नव्हे.

विशेष शाळांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे: मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची आणि पुण्याची कामायनी १९६४ ची. शाळा पाहायला जाताना इमारतीपेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा लेखी आहे का? मागच्या वर्षीचा एखादा आराखडा, नाव झाकून का होईना, दाखवता येईल का? आणि अठरा वर्षांनंतर मुले कुठे जातात? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. ती शांतता लक्षात ठेवून कार्यशाळा असलेल्या संस्थांची चौकशी मूल चौदा-पंधराचे असतानाच सुरू करावी. नियमित शाळेत शिकणाऱ्या मुलांना परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक आणि विषयांच्या सवलती मिळतात, मात्र त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडे वेळेत जावा लागतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून कमी विषय घेऊन, टप्प्याटप्प्याने परीक्षा देण्याचा मार्गही आहे.

उपचारांचा खर्च: निरामय

राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही विमा योजना पालकांना जितकी माहीत हवी तितकी नाही. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही आणि आधीपासूनचा आजार म्हणून नकारही नाही. रुग्णालयात दाखल होण्याबरोबरच बाह्यरुग्ण उपचार आणि नियमित थेरपीचा खर्चही तिच्यात बसतो, जो नेहमीच्या विम्यात सहसा बसत नाही. प्रत्येक प्रकारच्या खर्चाला स्वतंत्र मर्यादा आहे, तेव्हा तो तक्ता मागून घ्यावा. नोंदणी न्यासाकडे नोंद असलेल्या संस्थेमार्फत होते आणि नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. ते चुकले की संरक्षण थांबते.

पैसे आधी आपण भरायचे आणि नंतर परत मिळवायचे, अशी ही पद्धत आहे. त्यामुळे थेरपिस्टकडून दर महिन्याला पावती घ्यावी. तिच्यावर मुलाचे पूर्ण नाव, तारखा, सत्रांची संख्या, नोंदणी क्रमांक आणि शिक्का असावा. ‘वर्षाच्या शेवटी एकदम देतो’ म्हणणाऱ्या थेरपिस्टची पावती विमा कंपनीकडून हमखास परत येते.

अनुदान, कर आणि प्रवास

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत करायचा असतो. दिव्यांग लाभार्थ्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि राज्यात किमान १५ वर्षांचे वास्तव्य लागते. दिव्यांगांचे मासिक अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होते, म्हणून बँकेत जाऊन आधार जोडणी खरोखर झाली आहे का ते पासबुकापुरते न पाहता कर्मचाऱ्याकडून तपासून घ्यावे. दरवर्षी हयातीचा दाखला आणि वेळोवेळी उत्पन्नाचा दाखला दिला नाही तर अनुदान कोणतीही सूचना न येता बंद पडते.

ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महानगरपालिका यांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. गावात हिला नुसते ‘पाच टक्के’ म्हणतात. आपल्या मुलाचे नाव दिव्यांगांच्या नोंदवहीत आहे का ते ग्रामसेवकाला विचारावे आणि ग्रामसभेत खर्चाचा हिशेब मागावा. हा निधी चाकाच्या खुर्च्यांवरच संपतो आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या वाट्याला क्वचितच येतो, असा आमच्या भागातला अनुभव आहे.

नोकरदार पालकांना जुन्या करप्रणालीत प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ८०डीडी खाली ७५,००० रुपयांची आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट होती. प्रत्यक्ष खर्च किती झाला यावर ही रक्कम अवलंबून नसते. चालू वर्षी कोणती प्रणाली फायद्याची पडते ते करसल्लागाराकडून तपासून घ्यावे.

याहून मोठा लाभ दुर्लक्षित राहतो तो कुटुंब निवृत्तिवेतनाचा. केंद्र व राज्य सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांच्या, स्वतः उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांनंतर हे वेतन तहहयात मिळू शकते; कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्येही कायमस्वरूपी व पूर्णतः अक्षम अपत्याची तरतूद आहे. त्यासाठी मुलाचे नाव आणि प्रमाणपत्र पालक हयात व सेवेत असतानाच अभिलेखात नोंदवून घ्यावे, आणि नोंद झाल्याचे लेखी उत्तर घ्यावे. नंतर भावंडांना हीच गोष्ट सिद्ध करायला वर्षे लागतात.

एसटीत भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेत सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक अक्षम व्यक्तीला आणि तिच्या सोबत्याला द्वितीय, शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के सवलत मिळते, पण त्यासाठी रेल्वेच्या नमुन्यातील वेगळे प्रमाणपत्र लागते.

अठरावे वर्ष

माझ्या मते या सगळ्या प्रवासातील सर्वांत निसरडी जागा ही आहे. मुलगी अठरा वर्षांची होते त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने ती सज्ञान होते, आणि तिला स्वतःचे नाव सांगता येत नसले तरी आईवडील आपोआप तिचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेच्या काउंटरवर हे उघडकीस येते: ‘अल्पवयीन खाते आता बंद, सही तिचीच हवी.’ आई म्हणते, ‘अहो, मीच तर तिची आई!’ आणि पलीकडचा कर्मचारी नियमानेच बोलत असतो.

यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ खाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा असतो. समिती प्रत्येक जिल्ह्यात असते आणि तिच्यात जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात. त्यासोबत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, प्रस्तावित पालकाची संमती आणि छायाचित्रे जोडावी लागतात. न्यायालयात जाण्याची, वकील लावण्याची गरज नसते. समितीच्या बैठका नियमित होतातच असे नाही, म्हणून सतरावे वर्ष सरता सरता कागद तयार ठेवावेत आणि अर्ज दिल्यावर पोच घेऊन पुढच्या बैठकीची तारीख विचारत राहावे. हे प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावे, अशी रिझर्व्ह बँकेची २००७ पासूनची सूचना आहे. शाखेत अडवणूक झाली तर तिचा उल्लेख करून लेखी नकार मागावा. बहुतेक वेळा लेखी नकार येत नाही, खाते उघडते.

पालकत्व ही जबाबदारीही आहे. नेमणुकीपासून सहा महिन्यांत संबंधित व्यक्तीच्या मालमत्तेची व देण्याघेण्याची यादी, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब समितीला द्यावा लागतो. पुष्कळ पालक हे करीत नाहीत आणि पुढे भावंडांत वाद झाला की अडचणीत येतात. तसेच पालकत्व सरसकट घेऊ नये. सेरेब्रल पाल्सी असलेल्या कित्येकांचे शरीर साथ देत नाही, बोलणे अस्पष्ट असते, पण स्वतःचे निर्णय ते पुरते समजून घेतात. त्यांच्यावर पालक नेमणे म्हणजे त्यांचा हक्क काढून घेणे. अशांना अंगठ्याच्या ठशाने आणि साक्षीदारांसमक्ष खाते चालवता येते, आणि २०१६ च्या कायद्यातील मर्यादित पालकत्व एखाद्या विशिष्ट निर्णयापुरतेही घेता येते.

प्रौढांना काम हवे असल्यास, सरकारी नोकरीतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुअक्षमता यांच्यासाठी आहे. प्रत्यक्षात बहुतेकांची वाट कार्यशाळा, घरगुती उद्योग आणि ओळखीतल्या दुकानांतूनच जाते.

दाद

कोणत्याही खात्याने हक्क नाकारल्यास आधी तोंडी वाद न घालता तारखेसह अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि वाजवी वेळ गेल्यावर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे असे दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार त्यांना आहेत. तक्रार एका पानाची असावी: कोणत्या तारखेला काय मागितले, कोणत्या कलमाखाली, आणि काय उत्तर मिळाले. दुःखाचे वर्णन दोन ओळींत आवरावे.

आपल्यानंतर

मालमत्ता थेट मुलाच्या नावे करून ठेवू नये, कारण ती विकायला किंवा भाड्याने द्यायला त्याला सही करता येणार नाही. मृत्युपत्र करावे आणि शक्य असल्यास खासगी न्यास करून त्यातून दरमहा खर्च मिळेल अशी व्यवस्था करावी. न्यासात सगळेच नातेवाईक न घेता एखादी बाहेरची व्यक्तीही असावी. निवासी संस्था निवडायची असेल तर ती आपण धडधाकट असताना पाहावी, मुलाला आधी दोन दिवस, मग आठवडा असे तिथे राहू द्यावे.

याशिवाय एक साधी वही करावी, जी कोणत्याही कार्यालयात मागत नाहीत. तिच्यात औषधे व त्यांच्या वेळा, फिट आल्यावर काय करायचे, पोटात दुखू लागल्यावर तो कसा बसतो, कुकरच्या शिट्टीला घाबरतो, दूध स्टीलच्या पेल्यातूनच पितो, झोपताना कोणती गोधडी लागते, असे सगळे लिहावे. तिची एक प्रत भावाबहिणीकडे, एक शाळेत किंवा संस्थेत आणि एक शेजारी द्यावी. बँकेच्या लॉकरमध्ये मात्र ती ठेवू नये. लॉकर उघडायला मृत्यूचा दाखला लागतो, आणि दूध कोणत्या पेल्यातून द्यायचे हे पहिल्याच रात्री कळावे लागते.